घोट्याएवढं पाणी

आमचे आप्पा पाणी पायाने मोजतात. आवर्तन सुटलं, म्हणजे कालव्याला पाळीचं पाणी आलं, की चारीत उतरायचं, क्षणभर उभं राहायचं आणि काठावरच्या माणसाला सांगायचं: घोट्याला आहे, पोटरीला आहे, गुडघ्याला आहे. गुडघ्याला लागलेलं पाणी मी आमच्या चारीत आजवर दोनदाच पाहिलंय. आमचं गाव टेलचं. प्रवरेच्या कालव्याची एक चारी आमच्या शिवारात येऊन संपते, म्हणजे नकाशावर तरी संपते. प्रत्यक्षात ती बरीच आधी कोरडी पडते. 'टेल' हा शब्द गावात कुणालाच इंग्रजी वाटत नाही. लग्न जुळवताना मुलीकडचे विचारतात, "जमीन हेडची का टेलची?" आणि त्या उत्तरावर पुढचा चहा ठरतो.

कागदावर पाणी टेलपासून सुरू व्हायचं आणि शेजपाळीने एकेका शेताला लागत वर सरकायचं असतं. पण पाणी येतं वरून, आणि वरच्या लोकांना ते आधी दिसतं. दिसलेलं पाणी सोडवत नाही. मी लहान असताना रात्री दोन वाजता आप्पा बॅटरी घेऊन चारीच्या कडेने वर वर चालत जायचे, कुणाची मोरी, म्हणजे शेतात पाणी घ्यायचं तोंड, उघडी आहे ते बघत. कधी भांडण व्हायचं, कधी तंबाखू मळून परत यायचे. आई म्हणायची, "पाण्यापायी मुडदे पडलेत, तुम्ही गप पडून राहा."

अर्थशास्त्र शिकायला मी पुण्याला गेले ती २०१३ च्या जूनमध्ये. त्या उन्हाळ्यात आमची दोन्ही जनावरं चारा छावणीत होती आणि माझ्या प्रवेशाचे पैसे मावशीकडून आले होते. आप्पांचा समज असा होता की अर्थशास्त्र म्हणजे बँकेत लागायचं शिक्षण. मीही तो दूर केला नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं. पहिली दोन वर्षं मागणी-पुरवठ्याचे वक्र काढण्यात आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलीने इंग्रजी पुस्तकं वाचताना जी कुतरओढ होते ती लपवण्यात गेली. तिसऱ्या वर्षी पर्यायी विषय निवडायचा होता. बहुतेकांनी बँकिंग घेतलं. पर्यावरण आणि नैसर्गिक साधनसंपत्तीचं अर्थशास्त्र घेणारे आम्ही नऊ जण होतो. त्यातल्या दोघांनी तो विषय सोमवारी सकाळचे तास नाहीत म्हणून घेतला होता. मी का घेतला? यादीत 'पाणी' हा शब्द फक्त त्याच विषयाच्या घटकांमध्ये होता. एवढंच कारण.

पहिल्या तासाला सरांनी 'बाह्यता' हा शब्द फळ्यावर लिहिला. पिगू नावाच्या केंब्रिजच्या प्राध्यापकाने १९२० च्या पुस्तकात मांडलेला विचार: कारखानदार माल विकतो, गिऱ्हाईक विकत घेतं, दोघांचा हिशेब जुळतो, पण चिमणीचा धूर ज्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो तो त्या हिशेबात कुठेच नसतो. सर धुरावर बोलत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर चारी होती. आमच्याकडे पाणीपट्टी लागते ती एकरावर आणि पिकावर. सात नंबरचा फॉर्म भरायचा, त्यात क्षेत्र आणि पीक लिहायचं. किती पाणी घेतलं याचा रकानाच नाही. म्हणजे वरच्या माणसाने आपल्या उसाला हवं तितकं पाणी घेऊन वर रात्रभर मोरी उघडी ठेवली, तर त्या जादा पाण्याची त्याला पडणारी किंमत शून्य. माझ्या वहीत त्या दिवशी सीमांत खर्चाच्या, म्हणजे आणखी एक नग घ्यायला पडणाऱ्या खर्चाच्या, व्याख्येखाली आमच्याच वरच्या अंगाच्या एका बागायतदाराचं नाव लिहिलेलं आहे. आयुष्यभर ज्याला आम्ही 'माजलेला' म्हणत होतो, तो पुस्तकाप्रमाणे अगदी शहाण्यासारखा वागत होता. याचा मला दिलासा वाटला की राग आला, ते आजही नीट सांगता येणार नाही.

सरांना मी टेलची आहे हे कळलं तेव्हा त्यांनी मला चिठ्ठी देऊन गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात पाठवलं. त्या ग्रंथालयाला अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांचंच नाव आहे, आणि मला वाचायचा होता तो अहवालही त्यांचाच: गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांची पाहणी, १९४८. पानं पिवळी पडलेली, कडा हाताला सुटत होत्या. मी तो उघडला आणि बराच वेळ नुसती गावांची नावं शोधत बसले.

त्या अहवालाचं मोल कळायला आधीची गोष्ट माहीत असावी लागते. इंग्रज सरकार पाटबंधाऱ्याची कामं दोन खात्यांत टाकायचं. घातलेल्या भांडवलावर ठरलेलं व्याज सुटलं तर ते काम 'उत्पादक', नाही सुटलं तर 'संरक्षक', म्हणजे दुष्काळात माणसं मरू नयेत म्हणून केलेलं. दख्खनचे कालवे बहुतेक दुसऱ्या खात्यातले. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, पण पाणीपट्टीतून सरकारचे पैसे वसूल होतात का, या एका प्रश्नाने मोजलं तर सगळा मामला तोट्याचाच दिसायचा. गाडगीळांनी प्रश्न बदलला. सरकारच्या तिजोरीत काय आलं हे सोडा. शेतकऱ्याच्या घरात, मजुराच्या हातात, गूळ करणाऱ्याच्या, व्यापाऱ्याच्या, गाडीवाल्याच्या पदरात काय पडलं ते मोजा. आज धरणाचा खर्च-लाभ हिशेब हा शब्द कुठल्याही प्रकल्पाच्या कागदात सापडतो. त्या काळात गावोगाव फिरून, बागायती आणि जिरायती कुटुंबांची तुलना करून असा हिशेब मांडणं नवं होतं. आणि हा माणूस अहवाल लिहून पुण्यात बसला नाही. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला, तो १९५० साली सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच होते.

मी हे सगळं सुट्टीत घरी सांगितलं. आप्पांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग त्यांनी कारखाना काढला म्हणून वरच्यांनी ऊस लावला, ऊस लावला म्हणून आपलं पाणी गेलं, असंच ना?" मी म्हटलं, तसं नाही, आप्पा. मग थोडा वेळ विचार केला आणि पुढे काही बोलले नाही.

गाडगीळांच्या घरातली दुसरी पिढीही त्याच विषयात भेटते. धनंजयरावांचे चिरंजीव माधव गाडगीळ जीवशास्त्राकडे गेले. त्यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तकांबरोबर १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली रानं, धुंडाळून त्यांच्यावर लिहिलं, आणि पुढे २०११ साली पश्चिम घाटाच्या अभ्यासगटाचा तो गाजलेला अहवाल दिला. बापाने पाणी आल्यावर काय मिळतं ते मोजलं, मुलाने काय जातं ते. आमच्या अभ्यासक्रमात हे दोघं वेगवेगळ्या प्रकरणांत होते, तीन महिन्यांच्या अंतराने, आणि त्यांचं नातं कुठे लिहिलेलं नव्हतं. मला ते कळलं ते ग्रंथालयातल्या एका शिपाईकाकांकडून. पुण्यात असं ज्ञान बहुतेक शिपाईकाकांकडेच असतं.

देवराईशी माझी गाठ पडली ती प्रकल्पामुळे. आम्हाला एक 'मूल्यमापन' करायचं होतं. ज्या वस्तूला बाजार नाही तिची किंमत कशी काढायची, याच्या या विषयात तऱ्हा आहेत. लोक तिथे जायला किती खर्च करतात ते बघा, किंवा सरळ लोकांनाच विचारा: हे टिकावं म्हणून वर्षाला किती रुपये द्याल? ही दुसरी तऱ्हा अमेरिकेत कोर्टापर्यंत गेली. १९८९ च्या मार्चमध्ये अलास्काच्या किनाऱ्याजवळ एक्सॉन वाल्देझ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळलं, तेल समुद्रात पसरलं, आणि जे लोक आयुष्यात कधी अलास्काला जाणार नव्हते त्यांनाही तो किनारा स्वच्छ असण्याचं काही मोल वाटतं का, असा प्रश्न आला. घरोघरी विचारून उत्तर निघालं सुमारे २८० कोटी डॉलर. एवढ्या पैशाचा मामला म्हटल्यावर वाद पेटला. शेवटी ॲरो आणि सोलो या दोन नोबेल विजेत्यांच्या नेतृत्वाखाली तज्ज्ञांचं मंडळ बसलं. अशी प्रश्नावली नीट आखली तर ती विश्वासाची धरता येईल, असं त्या मंडळाने १९९३ मध्ये सांगितलं.

आम्ही चौघं ती नीट आखलेली प्रश्नावली घेऊन मुळशीकडच्या एका गावात गेलो. चाळीस घरं. देवराई गावाच्या वरच्या अंगाला. आत शिरलं की उन्हाळ्यातही अंगाला गारवा लागतो, पायाखाली पाचोळ्याचा थर आणि मध्ये शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे देव मानलेला अनघड दगड. चप्पल बाहेर. गावातल्या पहिल्याच घरी एक आजी तांदूळ निवडत होत्या. मी पाठ केलेला प्रश्न विचारला. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आणि नाय दिलं, तर तोडणार का काय?"

मी म्हटलं, नाही आजी, कुणी तोडत नाहीये, आम्ही फक्त विचारतोय, समजा.

"समजा कशाला? ती देवाची हाये. देवाला इचारा किती घेतो."

त्या संध्याकाळपर्यंत चाळीसपैकी अकरा घरांनी 'शून्य' सांगितलं होतं, आणि त्या अकराही घरांत देवराईतली वाळकी काटकीसुद्धा चुलीला लावत नव्हते. वर्षाला पाचशे रुपये सांगणारा माणूस होता तो गावात फार्महाऊस बांधलेला, शनिवार-रविवार येणारा. पुण्यात परतल्यावर सरांनी समजावलं की अशा शून्यांना 'निषेधाची शून्यं' म्हणतात आणि ती हिशेबातून वगळायची असतात. पद्धत म्हणून ते बरोबरच आहे. प्रश्नच मान्य नसलेल्या माणसाचं उत्तर सरासरीत धरलं तर सरासरी खोटी होते. पण वगळल्यावर उरलेल्या आकड्यात देवराई राखणारे लोकच नव्हते. आमचा प्रकल्प पहिला आला. त्या आजींचा कागद मी परत केला नाही; अजून माझ्याकडे आहे.

तरीही मी किंमत लावण्याच्या विरोधात नाही, आणि याबद्दल चळवळीतल्या मित्रांशी माझे वाद होतात. आपल्याकडे जंगलाची जमीन धरणाला, खाणीला, रस्त्याला देताना झाडांच्या लाकडापलीकडे जंगलाची काही किंमत फायलीत नसायची. सर्वोच्च न्यायालयासमोरच्या गोदावर्मन खटल्यातून ते बदललं. कांचन चोप्रा या अर्थशास्त्रज्ञ बाईंच्या समितीने पद्धत सुचवली आणि २००८ साली न्यायालयाने जंगलाच्या प्रकाराप्रमाणे हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे दर ठरवून दिले. दर कमी आहेत, पैसे भरले की जंगल तोडायचा परवाना मिळाल्यासारखं होतं, हे सगळे आक्षेप मला मान्य आहेत. पण ज्याने सरकारी फाईल पाहिलीय त्याला माहीत असतं की 'अमूल्य' लिहिलेल्या रकान्याची बेरीज शून्यच धरतात.

या विषयातलं मला सगळ्यात आत लागलेलं प्रकरण मात्र पाण्याचं नव्हतं आणि जंगलाचंही नव्हतं. ते होतं वटावदराचं. उद्याचे शंभर रुपये आज किती किमतीचे? सरांनी फळ्यावर गणित मांडलं. दहा टक्क्यांनी, पन्नास वर्षांनंतरच्या शंभर रुपयांचं आजचं मोल निघतं ८५ पैसे. निकोलस स्टर्न या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञांनी २००६ च्या हवामानबदलाच्या अहवालात सुमारे १.४ टक्के दर धरला होता. त्याने तेच शंभर रुपये पन्नासच्या आसपास राहतात. पूर तोच, बुडणारी नातवंडं तीच. एका दराने ती पन्नास रुपयांची, दुसऱ्याने रुपयाचीही नाहीत. या दरावरून नॉर्डहाऊस यांच्यासारखे मोठे अर्थशास्त्रज्ञ स्टर्नशी भांडले. वर्गात आम्हीही भांडलो. पुढच्या पिढ्यांचा विचार करणारे आणि न करणारे असे आमचे दोन तट पडले आणि अर्थातच सगळेच पहिल्या तटात होते.

त्या रात्री वसतिगृहावर मी वेगळं गणित केलं. आप्पांनी २०१४ मध्ये बोअर घेतला होता, ३८० फुटांवर पाणी लागलं. पैसे सावकाराकडून, शेकडा तीन, म्हणजे महिन्याला तीन टक्के. व्याजावर व्याज धरलं तर त्या माणसाला वर्षानंतरचे शंभर रुपये आज सत्तरच असतात. दहा वर्षांनंतरचे शंभर? तीन रुपयेसुद्धा नाहीत. मी तीनदा तपासलं.

हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञांनी १९३१ मध्ये खाणीच्या मालकाबद्दल लिहिलं होतं की खनिज जमिनीत ठेवायचं की आज काढून पैसे व्याजाला लावायचे, हे तो व्याजाच्या दराकडे बघून ठरवतो. आमच्या जमिनीखालचं पाणीही तसंच आहे. आप्पांनी बोअर जपून चालवावा, दहा वर्षांनी कामी येईल, असं मी सुट्टीत मोठ्या शहाणपणाने सांगायचे. त्यांच्यापुढे सावकाराचा दर होता आणि माझ्यापुढे वसतिगृहाची मेस होती. शेजारच्यांनी तेवढ्यात ५०० फुटांचा घेतला, आणि आप्पांनी न उपसलेलं पाणी आप्पांचं राहणारच नव्हतं. शेतकऱ्याला भविष्याची पर्वा नाही, असं कुणी चर्चासत्रात म्हणालं की मी हल्ली एकच विचारते: त्याला कर्ज काय दराने मिळालंय?

२०१६ च्या एप्रिलमध्ये आमचे शेवटचे पेपर चालू होते आणि मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी. राज्यात पिकाखालच्या जमिनीपैकी जेमतेम चार टक्क्यांवर ऊस आणि त्याला सिंचनाचं सुमारे सत्तर टक्के पाणी, हा कृषिमूल्य आयोगाच्या अहवालातला आकडा मी उत्तरपत्रिकेत लिहिला. लिहिताना मनात आलं की आप्पांना पाणी मिळालं तर तेही ऊसच लावतील. हमखास पैसे देणारं दुसरं पीक त्यांना कुणी दाखवलेलं नाही. हे काही उत्तरपत्रिकेत लिहिलं नाही.

परीक्षा संपल्यावर मी आणि एक मैत्रीण एसटीने पुरंदरमध्ये नायगावला गेलो. विलासराव साळुंखे हे पुण्यातले कारखानदार, इंजिनिअर. १९७२ च्या दुष्काळात या भागात फिरले आणि मग इथे देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन घेऊन त्यांनी पाणी अडवून दाखवलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम मी वर्गात वाचले होते, पण वर्गात ते एका परिच्छेदात उरकले होते. पाणी जमिनीप्रमाणे मिळणार नाही, माणसांप्रमाणे मिळेल: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. ज्याला जमीनच नाही त्यालाही वाटा. आणि ऊस लावायचा नाही.

कोस नावाच्या अर्थशास्त्रज्ञांचा १९६० चा प्रसिद्ध लेख आम्हाला होता. त्याचं वर्गात शिकवलेलं सार असं की हक्क स्पष्ट असले आणि सौदा करायला खर्च येत नसला, तर हक्क कुणाकडे आहे याने अंतिम वापरात फरक पडत नाही. लोक आपसांत देवघेव करून योग्य जागी पोचतात. फळ्यावर ते फार सुंदर दिसतं. टेलच्या माणसाला मात्र हक्क कुणाकडे आहे यानेच सगळा फरक पडतो. हेडवाल्याकडून पाणी विकत घ्यायला लागणं आणि हेडवाल्याला पाणी विकता येणं, या दोन गोष्टींत मावशीकडून प्रवेशाचे पैसे मागण्याएवढं अंतर आहे. साळुंख्यांनी कोस वाचला होता की नाही याने काय बिघडतं! त्यांनी सौद्याच्या आधीचा प्रश्न धरला, वाटणीचा. खानदेशात पांझरेच्या काठची, गावाने मिळून बंधाऱ्याचं पाणी वाटून घ्यायची फड पद्धत हाच प्रश्न कित्येक पिढ्या सोडवत आली आहे, बंधाऱ्यावर पाटकरी आणि जागल्या नेमून. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते लोक अशी सामाईक व्यवस्था चालवू शकतात हे दाखवण्यासाठीच. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या बाई. आमच्या वर्गात त्यांना अर्धा तास मिळाला होता, कारण पुढच्या आठवड्यात अंतर्गत चाचणी होती.

मला बँकेत नोकरी लागली. आप्पांचा अंदाज खरा ठरला आणि त्यांनी गावात पेढे वाटले. कर्जाच्या फायली तपासते. त्यात बोअरची कर्जंही असतात. अर्जात खोलीचा रकाना आहे, शेजारच्या बोअरच्या खोलीचा नाही. मी तो पेन्सिलने समासात लिहून ठेवते. साहेब विचारतात, हे कशाला? मी म्हणते, सवय आहे.

गेल्या हिवाळ्यात गावी असताना रात्री दीडला आप्पांनी हाक मारली. "पाणी आलंय, चल." आता त्यांना चारीपर्यंत एकट्याने जाववत नाही. बॅटरी मी धरली. वाटेत मी त्यांना गाडगीळ बाप-लेकांची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी दोघांची एकत्र. बापाने पाणी मोजलं, लेकाने झाडं मोजली.

"मग तू काय मोजती?" ते म्हणाले.

मी काही म्हणायच्या आत त्यांनी धोतर वर खोचलं आणि माझ्या खांद्यावर हात टेकून चारीत उतरले. कडेला कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. वर लांब दोन बॅटऱ्या हलत होत्या.

"किती आहे?"

"घोट्याच्या वर हाये. फावडं आण लवकर."